निळ्या रेनकोटावर जळणारी घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, काळ्या लोकरीची. आणि आधीच सांगून टाकते, एका निळ्या रेनकोटाचा मला भयंकर राग येतो.

मित्रांनो, माझी लोकर मानसिंगआबांच्या स्वतःच्या मेंढरांची. इंदापूरच्या सणगरानं ती मागावर विणली. आबा डाळजच्या माळावर मेंढरं राखायचे तेव्हा त्यांचं अंथरूण मी, पांघरूण मी आणि पावसात डोक्यावरची खोळही मीच. येणारा-जाणारा हात लावून बघायचा आणि म्हणायचा, "घोंगडी हाय का काय हाय!" पुढं मेंढरं विकली, ऊस आला आणि मी खुंटीवर गेले. तरी कुठं जायचं म्हटलं की आबांचा खांदा माझाच होता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आबांचा मुलगा रणजित सगळ्यांना कोकणातलं जंगल दाखवायला निघाला. आमच्यात लांबच्या वाटेला निघताना घोंगडीला चिंचोक्याची खळ फासतात. त्यानं ती कडक होते आणि पाणी निथळून जातं. सारजाआजीनं मला चांगली दाट खळ फासली. मी ऐटीत गाडीत बसले. बघते तर काय, रणजितनं आबांसाठी नवा निळा रेनकोट घेतलेला!

जंगलातली हवा अशी दमट की विचारू नका. माळावर कडकडीत राहणारी माझी खळ तिथं तासाभरात चिकट झाली. पानं चिकटली, मुंग्या लागल्या. नात छकुली नाक धरून म्हणाली, "आबा, हिला कसला तरी वास येतोय!" तेवढ्यात पावसाची सर आली. रणजितनं मला आबांच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि त्यांना रेनकोट चढवला.

"आरं, ह्याला वजनच न्हाय की!" आबा खूश झाले.

माझा नुसता जळफळाट झाला. चाळीस वर्षं पाठीवर राहिले, त्याचं काहीच नाही? आबा निवांत चालले होते. वाटेवरच्या लेंड्या बघून "हितनं भेकर गेलंय" म्हणत होते, शेकरू दिसलं की थांबत होते. आणि ते निळं ध्यान त्यांच्या अंगावर मिरवत होतं. "फाट मेल्या!" मी मनातल्या मनात म्हटलं.

आणि फाटला की! वेताच्या काट्यांत अडकून पाठीवर टर्रकन खालपर्यंत फाटला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण पाणी वाहू लागलं ते आबांच्या पाठीवरून. वनखात्याच्या चौकीच्या पडवीत पोचेपर्यंत सत्तरीचे आबा थरथरत होते. छकुली रडायला लागली.

"रणजित, घोंगडी आण रं," आजी म्हणाली.

मी ओली, चिकट. आजीनं मला दोनदा झटकलं आणि आबांना गुंडाळलं. हळूहळू त्यांचं थरथरणं थांबलं. जिंकले म्हणावं, तर त्यांच्या छातीतला खोकला मला ऐकू येत होता. तो मीच मागितला होता.

खोकला आठवड्यानं गेला. आजीनं रेनकोटाला ठिगळ लावून तो माझ्याच खुंटीवर अडकवलाय. तो मला अजून आवडत नाही, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या घरी असा रेनकोट असेल तर काट्यातनं जाताना त्याला जपा. वस्तू नवी असो की जुनी, ती फाटली की भिजतं आपलंच माणूस.