माझं घुंगरू परत बसवा

मी खडाव बोलतेय. साधीसुधी नव्हे, क्योटोच्या गेशांच्या गल्लीतली, अर्ध्या वितीहून उंच. मी ज्या झाडातून निघाले, ते म्हणे वारा नसतानाही खिदळायचं. कारागिरानं माझं पोट कोरून आत घुंगरू लटकावलं, तेव्हापासून मलाही हसू आवरत नाही.

माझे बंद लाल, म्हणजे मालकीण नवी पोर. तिचं नाव इचिवाका. तिनं घर झाडलं, नाच शिकला, शामिसेनच्या तारा छेडायला शिकली. माझ्यावरून मात्र इतक्यांदा आपटली की गल्लीतली मांजरं आम्हाला पाहून वाट बदलायची.

अखेर तिनं माइको, म्हणजे शिकाऊ गेशा म्हणून पहिल्यांदा बाहेर पडायचा दिवस आला. घराच्या मालकिणीला सगळ्या आई म्हणतात. तिनं निघतानाच बजावलं, की आज घोटाळा झाला तर जिच्या हाताखाली शिकलीस त्या ताईच्या नावातून मिळालेलं नाव परत करायचं आणि गावची गाडी धरायची.

आई पुढे, आम्ही मागे. दारोदार नमस्कार घालत शेवटच्या चहाघरात पोचलो. तिथे सातोकिकू आधीच बसलेली. ती थोरली माइको. थोरलीच्या खडावांत घुंगरू नसतं. नव्या पोरी वाजत येतात म्हणून ती त्यांना शेळ्या म्हणायची.

दोघी एकदमच उठल्या. डोक्यावर केसांचा डोंगर, त्यात फुलं, मान वाकवायची सोय नाही. दोघींनी पायानंच चाचपून खडावा चढवल्या. इचिवाका रस्त्यावर आली तर एक पाऊल वाजतंय, दुसरं मुकं. आईनं कपाळाला हात लावला.

"माझी खडाव घातलीस?" सातोकिकू कडाडली. "आई, हिला आजच गावी धाडा." आणि तरातरा पुढे आली.

तिच्या पायात मी होते. जन्मात इतकी हसले नव्हते. छुन! छुन! छुन!

सगळी गल्ली वळून पाहायला लागली. मग चहाघराची म्हातारी मालकीण शांतपणे म्हणाली, "सातोकिकू, बाई गं, शेळी आली वाटतं."

सातोकिकूनं हसू दाबलं, दाबलं, आणि गालावरच्या पांढऱ्या रंगाला तडे गेले. "आई," ती म्हणाली, "हिला धाडलंत तर मलाही तिकीट काढावं लागेल."

"आधी खडावा बदला," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून खांदे गदगदा हलवत राहिली.

आता इचिवाका थोरली झाली. माझे बंद बदलले, घुंगरू काढलं, मी दाराशी फळीवर असते. हल्ली तीही नव्या पोरींना शेळ्या म्हणते. म्हणून माझं एवढंच मागणं: माझं घुंगरू एकदा परत बसवा आणि मला तिच्या पायाशी ठेवा. पुढचं मी बघते.