उसनी छाती

चौऱ्याऐंशी साल असेल. बदलापूरच्या शिरगावातला अनंता म्हणजे काय गडी होता! त्यानं शीळ घातली की उल्हासनगर कॅम्प पाचच्या गच्च्यांवर वाळत घातलेले पापड उडायचे म्हणे. सांगणारा तोच!

त्याचा थोरला भाऊ सुदाम अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात पिंपं उचलायचा. छातीत पाणी होऊन तीन महिने पडून होता. बरं वाटलं तसा कामावर गेला, तर गेटवरच अडवलं. "कॅम्प पाचच्या डॉक्टरीणबाईंचं फिटनेसचं सर्टिफिकेट आण. नाहीतर तुझ्या जागी दुसरा."

सुदामची बायको द्रौपदी रडवेली झाली. "भाऊजी, ह्यांना जिना चढला की धाप लागते. बाई नापास करतील हो!"

"मग मी जातो ना वहिनी! बाईंनी दादाला कुठं बघितलंय?"

आणि गेला की! डॉ. मालिनीबाईंनी नळी लावली, वाकायला लावलं, जिना चढवला. गडी पास!

घरी येऊन अनंतानं नक्कल केली. "बाई म्हणतात, सुदामभाऊ, पिंपं कसली, तुम्ही कारखानाच उचलाल!"

सगळे हसले. सुदामही हसला, आणि हसता हसता खोकत बसला.

त्याच आठवड्यात पिंप उचलताना तो खाली बसला. उठलाच नाही.

बातमी ऐकून मालिनीबाईंना चैन पडेना. आपलं कुठं चुकलं? त्या शिरगावला आल्या. दार अनंतानं उघडलं.

"सुदामभाऊ! तुम्ही?"

अनंतानं त्यांचे पायच धरले. "बाई, तुम्ही तपासली ती छाती माझी होती हो!"

बाईंनी त्याला उठवलं. "अरे, मी काय नापास करायला बसते? ते आले असते तर लिहिलं असतं, वजन उचलायचं नाही, बसून काम द्या."

"कारखान्यानं दिलं असतं?" द्रौपदीनं विचारलं.

"भांडावं लागलं असतं. मी भांडले असते, युनियन भांडली असती. पण त्याला माणूस जिवंत लागतो ना, द्रौपदीबाई! आणि मी तरी काय केलं? नाव विचारलं नि मोकळी झाले."

पुढं शेजारचे धोंडिबाकाका काविळीतून उठले. त्यांच्याही कारखान्याला फिटनेस हवं होतं, डॉक्टर मात्र दुसरे. म्हणाले, "अनंता, माझ्या नावानं जाऊन ये रे. तुझी छाती पास होते."

अनंतानं त्यांचा हात धरला. "चला काका, मी सोबत येतो. छाती मात्र तुमचीच दाखवायची."

बाबांनो, डॉक्टरकडे परीक्षा द्यायला जायचं नसतं, दुखणं सांगायला जायचं असतं. आणि गेटवर माणसं अडवणाऱ्यांनो, दुखण्यातून उठलेल्याला हलकं काम दिलंत, तर कुणाला छाती उसनी घ्यावी लागणार नाही!

अनंता आता शीळ घालत नाही. द्रौपदीला ती ऐकवत नाही.