पाचव्या पानापर्यंत

अक्षदाबाईंनी चपला अंगणाबाहेरच काढल्या आणि भिकीच्या ओट्यावर टेकल्या. भिकी आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. आपण काय मागायला आलोय हे तिला कळलंय की नाही, याचा बाईंना अंदाज येईना.

वाडीच्या शाळेत वाचनाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा बाईंनीच आयांना गोळा करून सांगितलं होतं: पोर रोज गोष्ट वाचेल, तुम्ही ऐकायचं. सही येत नसेल तर कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात टिकली लावायची. नऊ तारखेला भिकीची प्रगती तापानं फणफणली आणि बदलापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेलीसुद्धा. आता महिना संपत आला होता. वरच्या साहेबांना चोवीसच्या चोवीस पुस्तकं परत हवी होती. पोर गेल्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता.

"भिकीताई, ते पुस्तक..." पुढचं बोलणं बाईंच्या जिवावर आलं.

भिकीनं तांदळाच्या डब्यामागून पुस्तक आणलं. आत कार्ड होतं. बाईंनी सवयीनं चौकोन पाहिले. टिकल्या नऊ तारखेला थांबल्या नव्हत्या. कालपर्यंत ओळीनं लावलेल्या होत्या.

"या नंतरच्या?"

"ऐकते ना मी. तुमीच सांगितलंवतं, रोज ऐकायचं."

तिनं पुस्तक उघडलं, चित्रावर बोट ठेवलं आणि बोलू लागली. करडू कळपातून चुकलं. करडू टेकडी उतरलं. भिकीला अक्षरओळख नव्हती, पण प्रगती जिथे अडखळायची तिथेच अडखळत होती, ती जिथे दम घ्यायची तिथेच दम घेत होती. पाचव्या पानावर करडू ओढ्याकाठी आलं, अंधार पडू लागला आणि भिकी थांबली.

"इथवर आलीवती ती."

गोष्टीची आणखी तीन पानं होती. आपल्या हातात निदान एवढं तरी आहे, असं वाटून बाईंनी पान उलटलं.

"पुढचं मी वाचते. ते करडू..."

भिकीनं पानावर हात ठेवला.

"नको बाई. तिला नाय कळलं. मंग मला कशाला?"

बाईंनी पुस्तक मिटून तिच्या मांडीवर ठेवलं. एक हरवलं असं तक्त्यात लिहायचं, त्यांनी ठरवून टाकलं. त्या उठल्या तशी भिकी म्हणाली,

"कार्ड भरत आलंय. पुढल्या महिन्याचं आनलंय का?"

पिशवीत नवी कार्डं होती. तेवीसच, सकाळी बाईंनीच मोजून घेतली होती. त्या पुन्हा खाली बसल्या, वरचं एक काढलं आणि गुडघ्यावर ठेवून त्यावर प्रगतीचं नाव लिहिलं.