डेग रिकामी होईपर्यंत

माझा भाऊ कोरबानअली नानभट्टीवाला. वजनात मारतो म्हणून दारोग्याने त्याला शिक्षा फर्मावली: दुकानाच्या दाराला कान खिळ्याने ठोकायचा. मारत होता, खोटं कशाला बोलू? पण भाऊ तो भाऊच. तो पिठाच्या कोठीत लपला नि मी तूबाखानमचे पाय धरले.

तूबाखानम गिरणीवाल्याची पोर. शिकारीला गेलेल्या शाहने पाहिली नि घेऊन आला. जनानखान्यातल्या चाळीसजणींत तेव्हा शाहचा हुक्का तिच्याच दालनात भरला जाई, म्हणून वजीरसुद्धा तिच्या दासीला, म्हणजे मला, आधी सलाम करत.

"रडं आवर," ती म्हणाली. "उद्या बागेत नवसाची आश शिजणार. भावाला सांग, सरळ येऊन डेगीला मिठी मार."

आश म्हणजे कडधान्यं-पालेभाज्यांचं दाट सार; शाहच्या नवसाचं म्हणून ते त्याच्याच चुलीवर भल्यामोठ्या हंड्यात, डेगीत शिजे. शाहच्या तबेल्यात किंवा चुलीपाशी आसरा घेतलेल्याला कुणी हात लावायचा नाही, हा जुना रिवाज. दुसऱ्या दिवशी दरसालप्रमाणे वजीर मांडी घालून वांगी सोलत बसले होते. कारभारापेक्षा ते काम त्यांना बरं जमे. इतक्यात कोरबानअली धावत आला नि डेगीच्या कडीला लोंबकळला. मागोमाग दारोगा.

शाह पोट धरून हसला. "आश संपेपर्यंत हा माझा पाहुणा. मग खुशाल ने."

"वचन, हुजूर?" पडद्याआडून खानम.

"वचन!"

संध्याकाळी डेगीचा तळ दिसू लागला तशी खानमने दोन घागरी पाणी, चवळी नि पालक ओतायला लावला. रोज तेच. नवसाचं अन्न टाकायचं नाही, त्यामुळे शाहच्या ताटातही रोज तीच आश. दरबारात ढेकरांखेरीज काही ऐकू येईना. बाकीच्या बेगमा खानमच्या सात पिढ्या उद्धरू लागल्या.

सतराव्या दिवशी वाडगा पाहताच शाह ओरडला, "सोडा त्या भट्टीवाल्याला! कान, नाक, सगळं घेऊन जाऊ दे! आणि ती डेग उपडी करा!"

भाऊ सुटला. पण खानमला पाहिलं की शाहला आशेचा वास येई. हुक्का पलीकडच्या दालनात गेला. आता वजीर मला ओळख दाखवत नाहीत, नि खानमच्या दारात दिवसभर कुणी फिरकत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खानम, माझ्यापायी तुमचं वाटोळं झालं."

"गप गं," ती सुपारीएवढा नानचा तुकडा मोडत म्हणाली. "माझा नवरा चाळीसजणींत वाटलेला. तुझ्या भावाला कान दोनच."