ट्रम्पेटवाल्या मास्तरांची कवळी

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. माझं नाव ऐकलं की सगळेच हसतात, त्यात तुमचा काही दोष नाही. मी एक जुनी कवळी आहे. वरच्या दातांची. दात अजून पांढरेशुभ्र आहेत, हिरडी गुलाबी आहे, पण आज मी कुणाच्याच तोंडात नाही. ज्यांच्या तोंडात माझं सारं आयुष्य गेलं, त्या मास्तरांची आठवण आली की मला करमत नाही. म्हणून आज बोलते आहे.

मास्तर शाळेतले नव्हेत, बँडचे. बागेच्या मधोमध एक गोल चौथरा होता. रविवारी संध्याकाळी तिथे गावाचं बँडपथक वाजवत असे आणि मास्तर त्यात ट्रम्पेट वाजवत. पुढे पथक त्यांच्याच हाताखाली आलं. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं सगळं बळ छातीत असतं, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. सूर धरतात ते ओठ, आणि ओठांना मागून टेकू देतात ते दात. साठी जवळ आली तसे मास्तरांचे वरचे दात एकामागून एक हलायला लागले. त्यांनी दाढेखाली लवंग धरली, मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, दुखणं अंगावर काढलं, आणि डॉक्टरकडे जायचं तेवढं टाळलं. शेवटी व्हायचं ते झालं. वरचा जबडा मोकळा झाला आणि ट्रम्पेट पेटीत गेलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई माप घ्यायला लागल्या तेव्हा मास्तर त्यांना म्हणाले, "बाई, चावता नाही आलं तरी मी निभावून नेईन. पण फुंकता आलं पाहिजे."

बाई हसल्या नाहीत. "मग पुढच्या वेळी वाद्य घेऊनच या," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे एक कारागीर बसत असे. त्याने प्लास्टरच्या साच्यावर मेण थापलं, मेणात एकेक दात बसवला, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून मला शिजवून घट्ट केलं. चाकावर घासून घासून चकचकीत केलं. मास्तर आले ते ट्रम्पेट बगलेत मारूनच. मला तोंडात बसवायचं, फुंकायचं, हवा कुठून निसटते ते सांगायचं, की कारागीर मला काढून केसभर घासायचा आणि पुन्हा हातात द्यायचा. बाहेर बाकावर लोक गाल धरून बसलेले, आणि आत हे पों पों. त्यातल्या एका म्हातारीने विचारलंच म्हणे, "अहो, इथे दात काढतात की मिरवणूक?"

घरी गेल्यावर सुरुवातीला माझं आणि मास्तरांचं अजिबात जमेना. त्यांच्या खालच्या जबड्यात त्यांचे स्वतःचे दात शिल्लक होते. ते जन्माचे सोबती, त्यामुळे त्यांना जरा ताठा होता. मी घास चावायला गेले की ते मला उचकटून द्यायचे. मास्तर बोलताना मध्येच शिट्टी वाजायची. मास्तरांच्या पत्नीला सगळेच आजी म्हणत. आजींनी सफरचंदाच्या पातळ फोडी केल्या आणि समोर बसून सांगितलं, "पुढच्या दातांनी तोडू नका, दोन्हीकडे सारखं चावा. लहान मुलासारखी घाई कशाला?" हळूहळू आमची ओळख पटली. मग एका संध्याकाळी मास्तरांनी पेटी उघडली.

ट्रम्पेटचं थंडगार तोंड ओठांवर टेकलं, ओठ माझ्यावर टेकले, आणि खालून, पार पोटापासून हवा आली. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? सूर आधी माझ्या अंगातून गेला आणि मग खिडकीतून बाहेर पडला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आजी दारात येऊन उभ्या राहिल्या, ओल्या हातांनीच. मास्तर वाजवत राहिले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खिडकीत बसून मास्तर थोडा वेळ वाजवत. समोरच्या गल्लीतली मुलं तो आवाज ऐकून खेळ आवरत, आजी गॅसवर चहा ठेवत. रविवारी बागेत जुनी मंडळी जमत. क्लॅरिनेटवाल्यांना एका कानाने ऐकू येईना झालं होतं. ढोलवाल्यांचा खांदा वर जात नव्हता. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब, कुणाला जिना चढताना धाप. वाजवून झालं की बाकावर दुखण्यांची जुगलबंदी चाले आणि प्रत्येकाला आपलंच दुखणं वरचढ वाटे. ढोलवाले मास्तरांना म्हणत, "तुझं बरं आहे लेका. तुझे दात तुझ्यापेक्षा सुरात आहेत." हे ऐकून मी फुलून जायची. मास्तर मला रोज थंड पाण्याने घासत, पाण्याच्या वाटीत ठेवत. माझे ते दिवस सोन्याचे होते.

मग एका हिवाळ्यात मास्तर सर्दीतापाने आडवे झाले. ताप उतरला, खोकला गेला, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते बँडमधला प्रत्येक जण करतो तेच. आजारातून उठल्यावर ट्रम्पेटचं सुटं होणारं तोंड काढून उकळत्या पाण्यात घालायचं, म्हणजे दुखण्याचा अंश राहत नाही. पथकातल्या पोरांना ते त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी पातेल्यात पाणी उकळलं, ट्रम्पेटचं तोंड टाकलं, आणि आपल्या हिशोबाने मीही वाद्यच, म्हणून मलाही टाकलं.

पितळेला काही झालं नाही. मी वाकले. डोळ्यांना दिसणारही नाही एवढीच वाकले. पण तोंडात केसभराचा फरकही भारी पडतो. मास्तरांनी मला बसवलं तर एका बाजूला मी टोचायला लागले आणि दुसऱ्या बाजूने सुटायला लागले. त्यांनी मला दिव्यासमोर धरून पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बसले.

तेव्हाच त्यांनी हाक मारून आजींना सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मास्तरांना लाज वाटली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना वाद्य जपायला शिकवलं, त्याने स्वतःचंच वाद्य उकळून ठेवावं, हे सांगायचं कुठल्या तोंडाने? ते तसंच मला लावत राहिले. हिरडीला घासा पडला, घाशाची जखम झाली, तोंड आलं. मग जेवताना ते मला काढून रुमालात गुंडाळू लागले आणि खिशात ठेवू लागले. कुणी आलं तर घाईने पाठ फिरवून बसवायचं, माणूस गेला की काढायचं. मला त्या खिशात फार वाईट वाटायचं. मी त्यांच्या छातीपाशी होते आणि त्यांच्या काही कामाची नव्हते.

"तुम्ही जेवून घ्या, मी मागाहून बसतो," मास्तर म्हणू लागले. मागाहून म्हणजे स्वयंपाकघरात एकटे, चहात बुडवलेली बिस्किटं, नाहीतर दुधात कुस्करलेला पाव. मुलगा नोकरीसाठी परगावी असायचा, घरी सूनबाई होत्या. त्यांनी विचारलं तर, "भूकच नसते हल्ली. वय झालं." ट्रम्पेट का वाजवत नाही विचारलं तर, "दम लागतो. वय झालं." बागेतून निरोप आला तर तेच. मित्रांनो, 'वय झालं' हे शब्द म्हणजे मोठं पांघरूण आहे. त्याखाली काहीही झाकता येतं.

मास्तर वाळायला लागले. शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. दम लागतो हे ऐकून आजींच्या काळजात धस्स झालं होतं. त्यांनी मुलाला फोन करून बोलावून घेतलं. मुलाने वडिलांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो झाला, हृदयाचा आलेख झाला, रक्त तपासून झालं. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, छाती तर बैलासारखी आहे तुमची!" सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. यंत्रात न सापडणारं काहीतरी भयंकर यांना झालंय आणि हे आता आपल्याला सोडून जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि मी खिशात होते, मित्रांनो. सगळं मला ठाऊक होतं. दात इतके असून मला एक शब्द बोलता येत नव्हता.

एका संध्याकाळी मास्तर आतल्या खोलीत पडून होते. बाहेरून चमत्कारिक आवाज आला. फुस्स. जरा वेळाने पुन्हा, फुर्रर्र. मास्तर उठून दारापर्यंत गेले.

खिडकीत आजी बसल्या होत्या. ट्रम्पेट दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, गाल टम्म फुगवलेले, चेहरा लाल.

"अगं, हे काय चाललंय?" मास्तर म्हणाले.

"गप्प बसा. तुम्ही वाजवत नाही, मग कुणी वाजवायचं? घरात संध्याकाळ झालेली कळत नाही मला." आणि त्यांनी पुन्हा सगळा जोर लावला. फुर्रर्र.

मास्तरांना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ते हसले, आणि हसता हसता त्यांचा हात चटकन तोंडावर गेला.

आजींनी ट्रम्पेट खाली ठेवलं. "हात का धरलात तोंडावर?"

"कुठे? काही नाही."

"लग्न झाल्यापासून तुम्हाला हसताना बघतेय. असं हात धरून तुम्ही कधी हसला नाहीत. काढा तो हात."

मास्तरांनी हात काढला. मग खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि मला तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरलं.

"वाकडी झालीय. मीच उकळत्या पाण्यात टाकली. जखमा झाल्यात आत. जेववत नाही, वाजवता येत नाही. कुणाला सांगणार? पोरं हसतील."

आजींनी आधी माझ्याकडे, मग मास्तरांच्या छातीकडे पाहिलं. "म्हणजे छातीला काही नाही?"

"नाही."

"दम?"

"दम कसला लागतोय. ठणठणीत आहे मी."

"आणि मी इथे तुमच्या नाकापुढे बोट धरून बघत होते, श्वास चालू आहे ना म्हणून! देवापुढे रडत होते, मला आधी ने म्हणून! आणि तुम्ही दात लपवून बसला होतात?" ट्रम्पेट पुसायचं फडकं उचलून त्यांनी मास्तरांच्या अंगावर भिरकावलं आणि त्या रडायला लागल्या. मास्तर त्यांच्याशेजारी बसले. मला अजून हातातच धरलं होतं त्यांनी. "चुकलं माझं," ते म्हणाले. दोन वेळा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी जखमा पाहिल्या, औषध दिलं, आणि मला हातात घेऊन मान हलवली. "ही सरळ होत नसते, मास्तर. आणि खरं सांगू? वाकली नसती तरी ती आता सैल झालीच असती. हिरडी वयाबरोबर झिजते. अधूनमधून दाखवायला यायचं असतं, दुखायची वाट बघायची नसते." कारागिराने मात्र मला लगेच ओळखलं. माझे पुढचे दात त्याने बोटाने चाचपून पाहिले आणि नवीन कवळीत हुबेहूब तसेच दुसरे बसवले. माझा चेहरा तिला मिळाला. मास्तरांनी पुन्हा ट्रम्पेट नेलं आणि पुन्हा बाकावरची माणसं चक्रावली.

मला फेकून द्यायचं का, असं सूनबाईंनी विचारलं. आजी म्हणाल्या, "तिने यांना इतकी वर्षं वाजवलंय. राहू दे घरात." म्हणून मी कपाटातल्या खणात आहे.

आता मास्तर सगळ्यांबरोबर जेवतात. त्यांचे गाल भरलेत. संध्याकाळी खिडकी उघडल्याचा आवाज आला की मी कान टवकारते, म्हणजे मला कान असते तर टवकारले असते. सूर आधी थोडा चाचरतो, मग ठरतो. तो आता माझ्या अंगातून जात नाही, दुसरीच्या अंगातून जातो. मला तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? एकदा, फक्त एकदा, ते थंड तोंड ओठांवर टेकावं, ओठ माझ्यावर टेकावेत आणि खालून ती हवा यावी, असं रोज संध्याकाळी वाटतं. तसं होणार नाही हे मला कळतं. वाटायचं काही थांबत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कवळी असेल तर तिला थंड पाण्यानेच धुवा, एवढं तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. घरातलं कुणी म्हातारं माणूस जेवायला मागाहून बसू लागलं, हसताना तोंड झाकू लागलं, रोजची आवडती गोष्ट करायचं थांबलं, आणि विचारल्यावर 'वय झालं' म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. शेजारी बसा. पुन्हा विचारा. त्यांनी टाळलं तर आणखी एकदा विचारा. आजी त्या संध्याकाळी खिडकीत बसल्या नसत्या, तर मास्तर माझ्यासकट गप्प झाले असते.

ऐका. सुरू झालं वाजवायला.