बेलवर नाव काय?

फोन मध्येच तुटला. "इर्मी, छातीत आवळल्यासारखं..." एवढंच फोल्कमार बोलला.

इर्मट्राउट केटलहाकने भावासाठी टॅक्सीतूनच रुग्णवाहिका बोलावली. रस्ता, इमारत सांगितली. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला, "बेलवर नाव काय?"

नाव नाही.

जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. बेलवरचं आडनाव हाच पत्ता. पण एका भाडेकरूच्या तक्रारीवर राज्याच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी निकाल दिला, की विचारल्याशिवाय नाव लावायचं नाही. विचारायची कटकटच नको म्हणून घरमालकांनी सगळीच नावं उपटली. आयुक्त म्हणजे इर्मट्राउटच. त्या निकालाने तिचं नाव देशभर झालं.

कुणीतरी बाहेर पडत होतं, ती आत घुसली. मागचं दार लागलं; आतून किल्लीशिवाय उघडेना. पुढे काचेचं दुसरं दार, तेही बंद. मधल्या चिंचोळ्या जागेत ती, आणि भिंतीवर कोऱ्या बेल, बाजूला घरांतल्या फोनशी बोलायची जाळी. फोल्कमार तिला नेहमी रस्त्यावरच भेटायचा. मजला त्याने कधी सांगितला नव्हता.

वरची बेल.

"कोण?"

"माझा भाऊ इथे राहतो, आजारी आहे. दार उघडा."

"कितवा मजला?"

"माहीत नाही."

"आणि म्हणे बहीण." खट्.

शेजारची बेल.

"मी माहिती-संरक्षण आयुक्त..."

"मग तुम्हीच सांगा बाई, कोण कुठे राहतं ते असं सांगतात का?" हसणं. खट्.

तिने दोन्ही तळव्यांनी सगळ्या बेल एकदम दाबल्या. यंत्रणा जुनी, सगळी घरं एकाच तारेवर आली; एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू. एरवी एवढ्यावर तिने नोटीस काढली असती.

"ऐका. उंच माणूस. डावा पाय ओढत चालतो."

कुणाचा तरी टीव्ही.

"हात थरथरतात. दारूमुळे. आता सोडलीय."

"तो कुत्रेवाला का?" एका बाईचा आवाज.

"कुत्रा नाही. एकटाच असतो. बायकोने..."

परक्या माणसाबद्दलही तिने असं कधी कुणाला बोलू दिलं नव्हतं.

"बायकोने हाकलला. त्याच्या गाडीखाली एक मूल गेलं. तुरुंगात होता."

तारेवर कुणाचा तरी श्वास. जड, तुटक.

"चौथा. डावीकडे," फोल्कमार म्हणाला. "आता पुरे, इर्मी."

दार उघडलं. तारेवर अजून कुणीच घरातला फोन ठेवला नव्हता.