ताई जेवायला गेल्यावर

साहेब, माल भंगारात घातला तो तुम्ही. कामावरनं काढायची नोटीस मात्र त्रिशलाताईंच्या हातात दिलीत, आणि वर लिहिलंत, "काम अर्धवट टाकून जेवायला गेल्या." जेवायला गेल्या! जणू ताई सिनेमाला गेलत्या.

मी स्टोअरला बसतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, म्हणून लिहितोय.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आपला पंपाचे भाग करायचा कारखाना. तारे बाहेरच्या पाटीवर. आत हपिसात चौदा कॉम्प्युटर आणि सगळ्यांच्या फायली एकाच मशीनवरच्या फोल्डरात. त्या मशीनला आपण दसऱ्याला हार घालतो आणि सर्व्हर म्हणतो. तो सर्व्हर न्हाय. साधा कॉम्प्युटर हाय, साधी विंडोज घातलेला. एका वेळी दहा जणांनाच आत घेतो. अकरावा आला की पडद्यावर नकार. आपला कॉम्प्युटरवाला शशिधर, त्यानं तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, सर्व्हरची विंडोज घेऊया." तुम्ही हसलात. "वडापच्या जीपात किती माणसं बसवायची परवानगी असती? आणि बसत्यात किती? ॲडजस्ट कर की!"

शशिधरनं ॲडजस्ट केलं. कुणी ओरडलं, "शशा, फोल्डर उघडंना रं!" की तो त्या मशीनसमोर बसायचा, आत कोण कोण आहे बघायचा आणि एकाची जोडणी तोडायचा. अकौंटवाल्याला तोडलं तर शिव्या. खालच्या मशीनशॉपवरच्या सयाजीला तोडलं तर तो पाना घेऊनच जिना चढायचा. मापांच्या फायली सांभाळणाऱ्या ताईंना तोडलं तर त्या म्हणायच्या, "असू दे रे. सवडीनं परत जोड." मग काय, रोज ताईच.

त्यातनं ताई पडल्या जैन. दिवस मावळायच्या आत जेवणार. महिनाअखेरीला हपीस लांबलं, तर उन्हं तांबडी व्हायला लागली की डबा घेऊन मागच्या खोलीत जायच्या. ह्या वेळेची आम्ही सगळे वाटच बघायचो. "ताई गेल्या काय रं?" "गेल्या." "मग घे मला आत." मीही म्हणालोय. एकदा न्हाय, कितीकदा. वर हसलोय, "ताईंचं जेवण, आमचं पारणं!"

पण जाताना ताई फाइल मुद्दाम उघडी ठेवायच्या, एसटीच्या खिडकीतनं सीटवर रुमाल टाकावा तशी. त्याला कारण होतं. एकाकडं फाइल उघडी असली की दुसऱ्याला ती नुसती वाचायला मिळते, तशी पाटीच येते पडद्यावर. आणि आपल्याकडं नियमच होता: पाटी आली म्हणजे काम चालू हाय, छापायचं न्हाय.

त्या शुक्रवारी गिऱ्हाइकानं पंपाच्या झाकणांची भोकं बदलली. नवी मापं फॅक्सनं आली. ताई ती फाइलीत भरत होत्या. निम्मी भरली, सूर्य खाली आला. अर्धी फाइल सेव्ह केली तर घोटाळा होईल म्हणून सेव्ह न करता, तशीच उघडी ठेवून त्या उठल्या. शशिधरला सांगूनही गेल्या, "मला आज तोडू नको हं." तो म्हणाला, "न्हाय तोडत अक्का, तुम्ही जावा."

आणि तुमचा फोन आला. केबिनमध्ये पावणं बसले होते. त्यांना राधानगरीच्या फार्महाऊसचे फोटो दाखवायचे होते आणि फोल्डर उघडत नव्हतं.

"साहेब, जरा थांबा. अक्का जेवून येऊ देत."

"माझ्या कंपनीत मी थांबू व्हय रं?"

शशिधरनं ताईंना तोडलं. माझ्यासमोर. मी पावत्या मोजत राहिलो.

तुमचे पावणं फोटो बघून "वा वा" करत होते, तेवढ्यात सयाजीनं खाली तीच फाइल उघडली. पाटी आली न्हाय. त्याला वाटलं, झालं काम. फाइल जुनी, मापं जुनी. त्यानं छापली आणि ताई जेवून यायच्या आत रात्रपाळीच्या हातात दिली. सकाळी सगळी झाकणं जुन्या भोकांची. भट्टीत परत घालायच्या लायकीची.

ताईंना अजून वाटतंय चूक त्यांचीच. मला म्हणाल्या, "मी त्या दिवशी जेवणाचा नियम मोडायला पाहिजे होता का हो?" मी रजिस्टर उघडून बसलो. शशिधर तर त्यांच्या टेबलाजवळनं जातच न्हाय, पाणी प्यायला लांबून वळसा घालतो.

काल तुम्ही त्याला केबिनमध्ये बोलावलंत. मीही होतो, भंगाराचं वजन सांगायला. तुम्ही म्हणालात, "लिहून दे, बाईनं फाइल तशीच टाकली. बाकी काही लिहू नको."

शशिधरनं पेन हातात घेतला. मग त्यानं तो खाली ठेवला.

"तोडली मी, साहेब. अक्का सांगून गेल्यावर तोडली. मला काढा."

"तुला काढून कॉम्प्युटर कोण बघणार?"

"मग अक्काला का काढताय?"

तुम्ही फोन उचललात. नंबर फिरवला न्हाय, नुसता उचललात.

मला वाटलं, आता बोलावं. मी वजन सांगितलं आणि बाहेर आलो. रात्रभर झोप न्हाय. म्हणून हे आता लिहून हपिसाच्या फळ्यावर लावतोय, खाली माझी सही करून: आकाराम, स्टोअर. मलाही काढायचं तर काढा.

पण शशिधरनं विचारलेलं तसंच पडलंय. फोटोसाठी तोडायला कुणी लावलं, ते तुम्हाला ठाऊक, आम्हाला ठाऊक. सोमवारी ताईंची मुदत संपते. त्या कामावर येणार का न्हाय? फोन खाली ठेवा आणि सगळ्यांसमोर, तोंडानं सांगा.